लायसन्सविना गाडी : दंड फक्त चालवणाऱ्याला नसतो



ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातले रस्ते गजबजून जातात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, टोळ्या घेऊन येणारे टेम्पो आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू असतात. आपण ज्या वस्त्यांवर जातो, तिथेही आता एखादी तरी मोटारसायकल उभी असते. तिच्यावरूनच बाळंतीण ग्रामीण रुग्णालयात पोहोचते, रेशन घरी येते, लेकरू परीक्षेला जाते. यातल्या काही गाड्या आपल्यापैकीच कोणीतरी दिलेल्या असतात. नवी गाडी घेतली, जुनी चांगली चालते आहे, वस्तीवरच्या कार्यकर्त्याला उपयोगी पडेल, अशा भल्या विचाराने.

या गाड्या चालवणाऱ्या तरुणांना लायसन्सबद्दल विचारले, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येते : "काढायचंय, पण अजून जमलं नाही." आपणही विषय तिथेच सोडतो. या लेखात तो सोडायचा नाही. लायसन्स नसताना गाडी चालवली तर कायदा काय करतो, त्याचा भार कोणाकोणावर येतो आणि हे लायसन्स खरे तर किती सोपे आहे, हे सरळ शब्दांत पाहू.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवायची असेल, तर त्या प्रकारच्या गाडीचे, त्या दिवशी चालू असलेले लायसन्स हवे. २०१९ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून दंडाच्या रकमा बऱ्याच वाढल्या. महाराष्ट्राने नवे तडजोड शुल्क लगेच लागू केले नव्हते. ते डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. "पाचशेची पावती फाडली की सुटका" ही समजूत त्या आधीच्या काळातली आहे. अनेकांच्या मनात ती अजून तशीच आहे.

आजची स्थिती अशी :

लायसन्स नसताना गाडी चालवणे, कलम १८१ : ५,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

लायसन्स नसलेल्याला आपली गाडी चालवू देणे, कलम १८० : गाडीच्या मालकाला ५,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

लायसन्स रद्द किंवा निलंबित झालेले असताना गाडी चालवणे, कलम १८२ : १०,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

विमा नसलेली गाडी चालवणे किंवा चालवू देणे, कलम १९६ : पहिल्या वेळी २,००० रुपये, पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

याशिवाय लायसन्स नसलेल्या माणसाच्या ताब्यातली गाडी जप्त करून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ ने पोलिसांना दिला आहे. रोजंदारी करणाऱ्या माणसाची गाडी आठ दिवस ठाण्यात उभी राहिली, तर दंडाइतकीच मजुरीही बुडते.

इथे दोन गोष्टींत गल्लत होते. लायसन्स घरी राहिले आहे आणि लायसन्स काढलेलेच नाही, हे एक नव्हे. ज्याने ते काढले आहे, त्याने मोबाइलवर डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधले लायसन्स दाखवले तरी चालते. उलट मुदत संपलेले लायसन्स खिशात असूनही उपयोगाचे नाही. पूर्वी मुदतीनंतर तीस दिवसांची सवलत असे. ती २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकली. मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत नूतनीकरण केले तर पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. त्यानंतर द्यावी लागते. मंडळीतल्या ज्येष्ठांनी आजच आपल्या कार्डावरची तारीख पाहावी. पन्नाशी ओलांडलेल्यांच्या लायसन्सची मुदत कमी असते आणि ती कधी संपली हे लक्षात राहत नाही.

किल्ली देणाऱ्याची जबाबदारी

कलम १८० पुन्हा एकदा वाचा. गुन्हा एकाच वेळी दोघांचा होतो : चालवणाऱ्याचा आणि मालकाचा. मालक घरी झोपलेला असला तरीही. मालक कोण, हे आरसी बुकावरच्या नावावरून ठरते.

देणगी म्हणून गाडी देणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे. समजा, तुम्ही जुनी मोटारसायकल वस्तीवरच्या एका तरुणाला दिली. गाडी गेली, किल्ली गेली, आरसी बुकही दिले, पण नाव बदलले नाही. तीन वर्षांनी त्या गाडीने अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे की, गाडी प्रत्यक्षात पुढे कोणाकोणाच्या हाती गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून गाडी द्या, अवश्य द्या, पण देताना तीन गोष्टी करा : घेणाऱ्याचे लायसन्स पाहा, आरटीओत गाडी त्याच्या नावावर करून द्या आणि विमा चालू ठेवा. मालकी बदलल्याची खबर देण्यासाठी कायद्याने चौदा दिवसांची मुदत दिली आहे, तीही एकाच राज्यातली बदली असेल तर. मंडळीची किंवा संस्थेची जीप असेल, तर ती कोण चालवतो याची वही ठेवा आणि प्रत्येक चालकाच्या लायसन्सची प्रत त्या वहीत लावा.

मुले आणि आई-वडील

अठरा वर्षांखालच्या मुलांविषयी कायदा आणखी कडक आहे. २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. "मला माहीत नव्हते" असे पालकाला म्हणता येते, पण ते सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावरच असते.

या कलमाचे नाव १९ मे २०२४ नंतर घरोघरी पोहोचले. त्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या पोर्शे गाडीने मोटारसायकलला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते जागीच गेले. मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. त्यावर देशभर संताप उसळला. मुलाच्या वडिलांवर गुन्हा नोंदवून पोलिसांनी त्यांना अटक केली.

ती गोष्ट श्रीमंतांच्या घरची, असे आपण म्हणतो. पण शिकवणीला स्कूटीवर जाणारी नववीतली मुलगी आणि बापाची मोटारसायकल घेऊन किराणा आणायला निघालेला सोळा वर्षांचा मुलगा यांनाही हेच कलम लागू आहे. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळते हे खरे, पण ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या, बिनागिअरच्या दुचाकीचे. आज रस्त्यावर दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटरी जवळजवळ सगळ्या त्याहून मोठ्या आहेत. बॅटरीच्या गाडीची मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तरच ती लायसन्समधून सुटते. सगळ्याच बॅटरीच्या गाड्या सुटत नाहीत.

खरा दंड अपघातानंतर कळतो

पाच हजार रुपये मजुराच्या घरात मोठीच रक्कम आहे. पण घर बसते ते अपघातानंतर.

पहिली गोष्ट विम्याची. गाडीच्या धडकेने कोणी मेला किंवा जायबंदी झाला, तर थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळते. चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हते आणि मालकाने त्याबाबत योग्य ती काळजी घेतली नव्हती, हे विमा कंपनीने सिद्ध केले, तर काय होते? सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालापासून अशा बहुतेक प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला सांगते : आधी पीडिताला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. पीडिताला न्याय मिळतो, तो मिळायलाच हवा. पण ती लाखांतली रक्कम नंतर मालकाच्या दारी येते, आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तिची वसुली होऊ शकते. गाडीला विमाच नसेल, तर पहिल्या रुपयापासून सगळे मालकावर.

दुसरी गोष्ट गाडी चालवणाऱ्याच्या स्वतःच्या घरची. विम्याच्या कागदांत मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. मालक आपली गाडी चालवताना मरण पावला, तर ही रक्कम त्याच्या वारसाला मिळते. त्याची एक अट अशी की मरणाऱ्याकडे चालू लायसन्स असले पाहिजे. हप्ता भरलेला, कागद जपून ठेवलेला, आणि केवळ ते एक कार्ड काढले नव्हते म्हणून विधवेच्या हाती काही नाही, असे यामुळे होऊ शकते. लायसन्स नसण्याचा सर्वांत मोठा दंड कलम १८१ मध्ये नाही. तो इथे आहे, आणि तो भरतात मागे राहिलेले.

तिसरी गोष्ट फौजदारी खटल्याची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडवला, तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडविधानात ही मर्यादा दोन वर्षांची होती.

एक दिलासाही सांगायला हवा, कारण तो वस्तीवर कोणी सांगत नाही. अपघातात चूक समोरच्याची असेल आणि आपल्या माणसाकडे लायसन्स नसेल, तर केवळ तेवढ्या कारणाने त्याच्या कुटुंबाचा भरपाईचा हक्क जात नाही. लायसन्स नसणे म्हणजे आपोआप अपघाताला हातभार लावणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले आहे. म्हणून "त्याच्याकडे लायसन्स नव्हतं, आता काही मिळायचं नाही" असे कोणी सांगितले, तरी गप्प बसू नका. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा. स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. त्यासाठी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

आपल्या वस्त्यांसाठी हे अधिक महत्त्वाचे का?

सोलापूरकरांना सेटलमेंट हा शब्द नवा नाही. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींची कुटुंबे तिथे तारेच्या कुंपणात ठेवली होती. त्यांची हजेरी घेतली जाई. जन्म हाच पुरावा धरला जाई. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कुंपण गेले, पण संशय पुरता गेला नाही. पारधी समाजाचा तरुण मोटारसायकलवर दिसला की "गाडी कोणाची?" हा प्रश्न इतरांपेक्षा त्याला लवकर विचारला जातो. त्या वेळी खिशात लायसन्स, आरसी आणि विमा असेल, तर गोष्ट दोन मिनिटांत संपते. नसेल, तर पाच हजारांच्या गुन्ह्याला चोरीच्या संशयाची जोड मिळायला वेळ लागत नाही. आपल्यासाठी हे कार्ड गाडी चालवण्याचा परवाना आहे. त्याच्यासाठी ती छायाचित्र असलेली सरकारी ओळखही आहे.

रस्त्यात अडवले तर काय करावे, हेही तरुणांना शिकवू या. गाडी बाजूला घ्यावी, पळू नये. शांतपणे कागद दाखवावेत. दंड भरला तर पावती किंवा ई-चलन घ्यावेच, पावतीशिवाय पैसे देऊ नयेत. दंड मान्य नसेल तर न्यायालयात बाजू मांडता येते. गाडी जप्त झाली तर तिची पोच मागावी.

लायसन्स काढायचे कसे?

भीती वाटते तितके हे काम अवघड नाही. आधी लर्निंग लायसन्स काढायचे. २०२१ च्या जूनपासून महाराष्ट्रात आधार कार्डाच्या आधारे हे घरबसल्या, सारथी संकेतस्थळावर काढता येते. परीक्षा मराठीत देता येते. रस्त्यावरच्या खुणा आणि नियम यांवर पर्यायी उत्तरांचे प्रश्न असतात आणि साठ टक्के उत्तरे बरोबर आली की पास. हे लायसन्स सहा महिने चालते. तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सच्या चाचणीला बसता येते. सोलापुरात विजापूर रोडवरच्या आरटीओ कार्यालयात जावे लागते. तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी आरटीओचा कॅम्प भरतो, त्याची तारीख आधी विचारून घ्यावी. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचा दाखलाही लागतो. एका प्रकारच्या गाडीसाठी सरकारी शुल्क काही शे रुपयांतच आटोपते. दंडाच्या मानाने ते फारच थोडे आहे.

लर्निंगच्या काळात गाडीला पुढे-मागे लाल रंगात इंग्रजी 'एल' अक्षर लावावे. दुचाकीवर मागे बसवायचेच असेल, तर लायसन्स असलेल्या शिकवणाऱ्यालाच बसवावे, इतर कोणालाही नाही.

"मी शाळेत गेलो नाही, मला कोण लायसन्स देणार?" असे काहीजण विचारतात. दुचाकी किंवा घरच्या गाडीसाठी शिक्षणाची अट नाही. भाड्याच्या, मालवाहू गाड्यांसाठी पूर्वी आठवी पासची अट होती. ती केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली. निरक्षर राहिलेल्या पण हाताने कुशल असलेल्या तरुणांसाठी चालकाच्या नोकरीचे दार त्यामुळे उघडले आहे. प्रवासी किंवा मालवाहू गाडीसाठी वय मात्र वीस पूर्ण हवे.

ट्रॅक्टर आणि पिकअप चालवणाऱ्यांची शंका वेगळी असते. कायद्याच्या व्याख्येत, रिकाम्या वजनात साडेसात हजार किलोपर्यंतचा ट्रॅक्टर हे हलके मोटार वाहन आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने असेही सांगितले की, हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेल्याला साडेसात हजार किलोच्या मर्यादेतली मालवाहू गाडी चालवण्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. मोठ्या ट्रकसाठी मात्र वेगळे लायसन्स लागते. हलक्या वाहनाचे लायसन्स वर्षभर जवळ असल्याशिवाय ते मिळत नाही. आणि केवळ दुचाकीचे लायसन्स असलेल्याने ट्रॅक्टरवर बसणे म्हणजे लायसन्स नसल्यासारखेच.

आपण काय करू शकतो?

अडचण बहुधा पैशाची नसते. आधार कार्डावर चुकलेली जन्मतारीख, पाल हलत राहिल्यामुळे नसलेला पत्त्याचा पुरावा, ऑनलाइन अर्जाची धास्ती आणि कार्यालयाच्या दारात उभे राहण्याचा संकोच यांतच काम अडते. इथे आपली मदत कामी येईल. मंडळीतला एखादा महाविद्यालयीन तरुण रविवारी दुपारी वस्तीवर जाऊन अर्ज भरून देऊ शकतो. निवृत्त शिक्षिका ज्यांना वाचता येत नाही त्यांना चित्रांवरून रस्त्याच्या खुणा शिकवू शकतात. ज्यांच्याकडे गाडी आहे ते चाचणीच्या दिवशी चार जणांना आरटीओपर्यंत नेऊ शकतात. एकदा ओळखीचे माणूस सोबत असले की पुढच्या वेळी तो तरुण एकटा जातो. सोलापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वाहनचालक प्रशिक्षणाची योजना यंदा आहे का, हेही जरूर विचारावे.

आणि तोपर्यंत? तोपर्यंत किल्ली देऊ नये. "जवळच तर जायचंय" म्हणून आपल्या घरातल्या सोळा वर्षांच्या मुलालाही नाही आणि "बिचारा गरजू आहे" म्हणून वस्तीवरच्या तरुणालाही नाही. गाडी देऊन लायसन्स न पाहणे ही अर्धी मदत झाली. पुढच्या वेळी वस्तीवर जाल तेव्हा प्रार्थना आणि चहा झाल्यावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला लायसन्सबद्दल विचारा. "काढायचंय" असे उत्तर आले, तर तिथेच मोबाइल काढा आणि अर्ज सुरू करा.